दोन दिवसांचे पाट

शनिवार-रविवारच्या सुट्टींत घरच्या घरीं लांकडाची कोणती वस्तु पुरी करतां येईल, असें आम्हांस कोणीं विचारलें तर आम्ही खुशाल पाट सांगतों. कपाटाच्या वाटेस नवख्यानें जाऊं नये. तें अर्धवट स्थितींत सहा महिने माजघरांत उभें राहतें आणि घरांतील स्त्रियांस केर त्याच्या भोंवतीं फिरून काढावा लागतो. पाटास एक फळी व दोन आडवे पाय एवढेंच साहित्य पुरतें. शिवाय जेवणाच्या टेबलाच्या काळांतहि पूजेस, मुंजीस आणि भाऊबीजेस तो लागतोच.

गेल्या वर्षीं आमचा पुण्याचा वाडा पाडून तेथें इमारत उठवावयाचें ठरलें. चार बिऱ्हाडें चार दिशांस जावयाचीं होतीं, आणि वांटणीच्या बोलण्यावरून आमच्या दोघां काकांमध्यें कित्येक महिने अबोला होता. जुन्या लांकडाचा व्यापारी येऊन दरवाजाचें माप घेऊन गेला. त्या दरवाजाची एक फळी आम्हीं मागून घेतली. ती सात फूट लांब व फूटभर रुंद होती. तींत दीड दीड फुटाचे चार पाट काठोकाठ बसत होते, आणि उरलेल्या फूटभर तुकड्यांतून आठ पाय निघत होते.

जुन्या फळींत खिळे मोडून राहिलेले असतात. म्हणून करवत लावण्यापूर्वीं लोहचुंबक फिरवून पाहावा, नाहींतर करवतीचे दांते जातात. सागवान वरून काळवंडलेलें दिसतें. परंतु रंध्याचा हात फिरतांच आंतून सोनेरी रंग निघतो आणि त्याचा तो तेलकट वास सगळ्या ओसरीभर पसरतो.

पाय बसवितांना मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. लांकूड लांबींत जवळजवळ मुळींच कमीजास्त होत नाहीं. रुंदींत तें पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आखडतें. पाय फळीच्या रुंदीला आडवा असतो. तो सरसानें अथवा फेव्हिकॉलनें सगळाच्या सगळा चिकटविला, तर फळीस हालावयास जागा उरत नाहीं आणि एखाद्या वैशाखांत ती तडकते. यासाठीं मधला स्क्रू तेवढा घट्ट पिळावा आणि कडेच्या दोन स्क्रूंचीं पायांतलीं भोंकें पायाच्या लांबीच्या दिशेनें किंचित् लांबट कोरावीं.

थोरल्या काकांस हा उद्योग प्रथम रुचला नाहीं. "अरे, आपल्या सात पिढ्यांत कोणीं करवत धरली नाहीं, सुतार बोलाव," असें ते म्हणाले. दोन दिवसांच्या किरकोळ कामास येण्यास सुतारास आज सवड कोठें आहे ! फिनलंडनें १८६६ सालीं खेड्यांतील मुलांच्या शाळांत हस्तकाम आणलें. आपल्याकडे १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेंत गांधीजींनीं हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण देण्याचा विचार मांडला. ह्या विचाराची वाहवा आमच्या ओसरीवर पुष्कळ झालेली आहे. करवत मात्र शेजाऱ्यांकडून आणावी लागली.

फळी कांपतांना ती हालूं नये म्हणून तिजवर कोणीतरी बसावें लागतें. धाकटे काका आपण होऊन बसले. थोरले काका चष्मा चढवून गुण्या घेऊन आले, कोपरा तपासला, रेघ पुसून पुन्हा मारली. करवत अर्ध्यावर आली असतां फळी उचलूं लागली, तेव्हां ते एकदम म्हणाले, "जरा पुढें सरक." फळीवर दुसरें कोणी नव्हतेंच. धाकटे काका पुढें सरकले. त्यानंतर दोघेहि पायांच्या मापाविषयीं भांडत होते. परंतु एकमेकांशीं भांडत होते.

रविवारीं दुपारीं काचकागद घांसून जवसाचें तेल चोळलें. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. ते आपोआप तापून पेट घेऊं शकतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवावे. तेल सुकण्यास मात्र पुढचे कांहीं दिवस लागतात, हें घाई करणारांस आधींच सांगितलेलें बरें.

चार पाटांपैकीं तीन निर्दोष निघाले. चौथ्याच्या मधोमध दरवाजाच्या कडीच्या खिळ्याचें भोंक राहिलें होतें. तो आम्ही आपल्याकडे ठेवणार होतों; परंतु सामान हलविण्याच्या दिवशीं पाहतों तों दोघेहि काका त्याच पाटावर हक्क सांगत होते.