लाल्याचे तीन खण

लाल्यानं पिल्लू मारलं तेव्हा मी गच्चीवर होतो. चार हातांवर. आणि नुसता बघत उभा होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हंजे पुढं मला शहाणा समजायची चूक तुमच्याकडून व्हायची नाही.

१९८३ चा पावसाळा. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले सुमारे २.५ लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्याला दीड वर्ष झालेलं. आमचा बा त्यातलाच. रिंग खात्यातला. वरळीच्या बीडीडी चाळीत आमची खोली १६० चौरस फुटांची आणि आत माणसं ९. आजी, बा, आये, आम्ही चौघं भावंडं, वर मामा आणि मामी. मामानं गच्चीवर फळकुटांचं खुराडं ठोकलेलं. पुस्तकात त्याला ढाबळ म्हणतात. आमच्या तोंडी खुराडंच.

तुमच्यातला एखादा म्हणेल, घरात चूल पेटंना आणि हा कबुतरांचं पुराण लावतोय. तर ऐका. कबुतराची मादी एका वेळी दोन अंडी घालते. १७-१८ दिवसांत पिल्लं निघतात. महिन्याभरात ती आपली आपण दाणा टिपायला लागतात. अशी पिलांची जोडी क्रॉफर्ड मार्केटला पक्षीवाल्याला दिली की घासलेट आणि मीठमिरची सुटायची. शौक मामाचा होता. आमची ती गरज झाली होती.

जे पिल्लू मेलं ते आमचं नव्हतं. दुसऱ्या माळ्यावरच्या एका पोराचं होतं. माझ्याच वयाचा, त्याचाही बाप संपावर. त्याच्या खोलीत जागा नाही म्हणून त्यानं आपली जोडी आमच्या खुराड्यात ठेवली होती. बदल्यात दर रविवारी अर्धा किलो बाजरी आणून द्यायचा. एक जोडी आठवड्याला साधारण तेवढंच खाते, म्हंजे हिशोब चोख. बाजरी कुठनं आणायचा ते त्यानं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पिल्लू तीन आठवड्यांचं. अंगावर पिसं आलेली, पण डोक्यावर अजून पिवळी लव. त्या वयात ती खणाबाहेर पडतात आणि दिसेल त्या मोठ्या कबुतराला आईबाप समजतात. हे फळीवरनं सरकत सरकत लाल्याच्या खणात गेलं. पंख फडफडवत, चिरकत, लाल्याकडंच चारा मागायला लागलं. लाल्यानं टोच मारली. मला वाटलं, मारू दे एक-दोन, अक्कल येईल. मग त्यानं डोक्याची कातडी धरली आणि सोडलीच नाही. मी हात घातला तोवर मागचं हाड उघडं पडलेलं. रात्री मेलं.

दुसऱ्या दिवशी पोरगा वर आला. रडला नाही, ओरडला नाही. बराच वेळ खुराड्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, "काप त्याला."

थोरल्या भावाला तर बरंच झालं. "मुंडी पिरगाळ. रस्सा तरी हुईल." घरात मटणाचा तुकडा बघून महिने झाले होते. आये काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हंजे तिलाही ते पटलं होतं.

आता लाल्याचं सांगतो. विटकरी लाल रंग, मान हिरवी-जांभळी चमकायची, छाती पुढं. घुमायला लागला की गोल फिरत शेपटी फळीवर घासायचा. आमच्या खुराड्यात ८ खण, ४ वर, ४ खाली. त्यातले तीन लाल्याचे. वरच्या ओळीतले दोन आणि त्यांच्या बरोबर खालचा एक. कुणी नर फळीवर उतरला की हा पंखाचा फटका मारायचा. साधा नाही, चापट मारल्यासारखा आवाज यायचा. एका मादीचा डोळा गेला त्याच्या चोचीनं. दाण्याच्या ताटलीवर पहिला तोच, आणि तो निघेपर्यंत बाकीचे लांब.

खरं सांगायचं तर आम्हा पोरांना त्याचं कौतुक होतं. साला दादा आहे, म्हणायचो. चाळीतल्या पोरांना बोलावून त्याची मारामारी दाखवायचो. मग तो आवरेना तेव्हा मीच त्याच्यावर उलटलो. झाडूच्या काडीनं मारलं. पंखाला दोरा बांधला. एकदा शेपटीची पिसं उपटली. प्रत्येक वेळी तो वर जाऊन आपल्यापेक्षा दुबळ्यावर तुटून पडायचा. माझा हात खुराड्यात शिरला की फटका ठरलेला. सगळे म्हणायचे, त्याची जातच तशी, मारकी. मीही म्हणायचो. हेच वाक्य चाळीत कुणी माणसाबद्दल बोललं असतं तर मी अंगावर गेलो असतो. कबुतराबद्दल मात्र दिवसातनं चारदा बोलायचो.

मामा म्हणाला, "भाच्या, मारायचा तर मार. पण आधी उस्तादला दाखव."

उस्ताद म्हंजे मदनपुऱ्याचा एक म्हातारा. जन्म मागावर गेलेला, कबुतरांतला दर्दी. मामा त्याच्याकडंच शिकला होता. लाल्याला करंडीत घालून, वर फडकं बांधून मी वरळीहून चालत गेलो. मनात होतं, हा त्याचे डोळे बघेल, पंख उलगडेल, काहीतरी गुपित औषध देईल.

त्यानं फडकं सोडूच दिलं नाही.

"नर बाद में. खाने कितने हैं?"

"आठ."

"जोडे?"

"सहा."

"छडे नर?"

छडे म्हंजे मादी नसलेले. ते मी कधी मोजलेच नव्हते. बोटांवर मोजले. "तीन."

म्हातारा हसला नाही की रागावला नाही. म्हणाला, एका जोडीला दोन जागा लागतात. पहिली पिल्लं तीन आठवड्यांची होतात न होतात तोच मादी पुन्हा अंड्यावर येते. पहिल्या जागेत पिल्लं, मग दुसरी अंडी कुठं घालणार? म्हंजे सहा जोड्यांना १२ खण पाहिजेत. तुमच्याकडं ८. वर तीन छडे दिवसभर दुसऱ्यांच्या खणात घुसणार, कारण त्यांना ना मादी ना घर. "तेरे लाल ने दो खाने अपने हक के लिए. तीसरा, वो उसकी बदमाशी है. लेकिन पहले दो के लिए तूने उसको मारा."

ते ऐकून मला घाम आला. गेले सहा महिने मी त्याला दोन खण घेतो म्हणूनच मारत होतो. तिसरा त्यानं नंतर घेतला, माझी काडी सुरू झाल्यावर.

मी विचारलं, "काटू क्या?" तो म्हणाला, कापलास तरी चालेल. मग आठ दिवसांनी दुसरा लाल्या तयार होईल. आता जो मार खातोय ना, तोच.

घरी आलो. आता प्रश्न लाकडाचा. पैसा तर नव्हताच. आंब्याचा मोसम नुकताच संपला होता, फळबाजारात रिकाम्या पेट्या पडलेल्या. मामा आणि मी त्या डोक्यावरनं आणल्या. गच्चीत पसरून ठोकायला बसलो तर एकही कोन सरळ बसंना. पेट्या आणताना बा दारात बसलेला होता. दीड वर्ष तो असाच बसायचा. सकाळी उठून दारात, दुपारी खाटेवर. खाटेवर कुणी पोर बसलं तर लाथ घालायचा. तो उठून गच्चीवर आला, माझ्या हातातली हातोडी घेतली आणि म्हणाला, "खिळं वाकवून ठिवलाईस समदं."

त्यानंतर आठवडाभर बा गच्चीवर होता. जुनं खुराडं मोडलं. (जुनी फळकुटं खरवडताना तोंडाला फडकं बांधा. आम्ही बांधलं नाही. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं फुप्फुसं सुजतात, काहींची कायमची जातात. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली तेव्हा शहरभर या धुळीवर बोललं गेलं. आम्ही ती पोरवयात तोंड भरून खाल्ली.) नवं खुराडं वर-खाली दोन ओळींत केलं नाही. सगळ्यात उंच खणासाठी नर एकमेकांचा जीव घेतात, म्हणून उंच खणच ठेवला नाही. कठड्याला लागून, विटांवर, एकच लांब ओळ. ७ घरं, प्रत्येक घरात दोन खण शेजारी शेजारी. पुढं बानं पातळ पट्ट्यांची दारं केली. हवा-उजेड आत जाईल, पण शिरायला एका बाजूनं एवढीशी वाट. मोठा नर आला तरी त्याला मान खाली घालून एकट्यानं शिरावं लागेल, आणि आतला दुबळा असला तरी ती वाट राखू शकेल. बाच्या बोटांना ते काम येत होतं. तुटलेला धागा चालत्या मशिनीवर सांधणारी बोटं ती.

सारखी घरं केली तर कबुतरं चुकून दुसऱ्याच्या घरात शिरतात आणि नसलेलं भांडण उभं राहतं. त्यांना रंग चांगले कळतात. म्हणून प्रत्येक दाराला वेगळा रंग. जयंतीच्या कमानीचा निळा उरलेला होता, बाकी गेरू, चुना, काजळी, जे हाताला लागलं ते. दाण्याची ताटली फेकली आणि लांब पन्हळ मांडली, म्हंजे एकट्याला अडवता येत नाही. छड्यांपैकी दोन विकले, तिसऱ्याला मादी मिळवून दिली. आता जोड्या सात आणि घरं सात.

सगळ्या जोड्यांना आपापल्या घरात दाणापाणी ठेवून आठवडाभर कोंडलं. मग रोज संध्याकाळी एकच दार उघडायचं, तेही दाणा द्यायच्या आधी. भुकेलं पाखरू लांब जात नाही आणि मुकाट आपल्या घरी येतं.

लाल्या यात नव्हता. त्याला आणि त्याच्या मादीला करंडीत घालून खाली आमच्या खोलीत आणलं होतं. मादीला वेगळं केलं नाही. नाहीतर तोही छडाच झाला असता. बाकीच्यांची घरं पक्की होईपर्यंत त्याला गच्ची दिसता कामा नये, असं उस्तादनं बजावलं होतं. पंधरा दिवस करंडी बाच्या खाटेखाली. १६० चौरस फुटांत नऊ माणसं आणि दोन कबुतरं. पहाटे पाचला लाल्या घुमायला लागायचा. थोरला शिव्या द्यायचा. बा म्हणायचा, "घुमू दे. गिरणीचा भोंगा तरी कुठं हाय."

शेवटी त्याला वर नेलं. दोन दिवस निळ्या दाराच्या घरात कोंडला आणि मग सोडला. सुटल्या सुटल्या गेला कुठं, तर जुन्या खुराड्याचा वरचा खण जिथं होता तिथं. तिथं आता नुसती हवा. तो पंख मारत थांबला, खाली आला, परत वर गेला. असं किती वेळ तरी. मी मान वळवली. मग तो शेजारच्या गेरूच्या दारात घुसला. तिथं त्या पोराची जोडी होती, पिल्लू गेलेली. आतनं फटक्याचा आवाज आला आणि मागं सरकत बाहेर आला तो लाल्या. अंधार पडता पडता त्याच्या मादीनं घरातनं साद घातली तेव्हा निळ्या दारात शिरला.

त्यानंतर तो साधूसंत झाला नाही. दारापुढच्या फळीवर हक्क सांगायचा, पन्हळीच्या एका टोकाला कुणाला फिरकू द्यायचा नाही. तेवढं आम्ही सोडून दिलं. मादी अंड्यावर आली की सकाळी दहा-साडेदहाला हा तिला उठवून स्वतः बसायचा, चार-पाचपर्यंत हलायचा नाही. पिलांना दोघं मिळून घशातलं दूध पाजायची. लाल्याला हे मी आधीही करताना पाहिलेलं असणार. ध्यानात मात्र त्या वर्षीच आलं.

पोरगा रविवारी बाजरी ठेवून जायचा. माझ्याशी बोलायचा नाही. त्याच्या जोडीनं पुन्हा दोन अंडी घातली, दोन्ही पिल्लं जगली, विकली गेली. तरी बोलला नाही.

१९८४ च्या उन्हाळ्यात त्यांचं बिऱ्हाड गावाला निघालं. तेव्हा चाळीतनं अशी खूप बिऱ्हाडं निघाली. जायच्या आदल्या दिवशी तो गच्चीवर आला. म्हणाला, "जोडी ठेव तुझ्याकडं. तिकडं मांजरं हाईत." मी म्हणालो, बाजरी लागायची नाही. तो म्हणाला, "म्हाईत हाय."

मग निळ्या दारापुढं जाऊन उकिडवा बसला. आत लाल्या अंड्यावर. पोरानं पट्ट्यांतनं हात आत घातला. लाल्यानं अंगावरची पिसं फुगवली, हुंकारला आणि पंखाचा फटका दिला. सण्णकन. त्यानं हात काढला नाही. लाल्यानं आणखी दोन दिले आणि परत अंडी सारून बसला.

"अजून मारतोय की," तो म्हणाला.

"त्याचं घर हाय," मी म्हणालो.

तो थोडा वेळ तसाच बसला. मग हात बाहेर काढून मनगट चोळलं, आणि खाली गेला.