मिठाखालचे पराग

सांभर, डिडवाना, लूणकरणसर ही राजस्थानातील नावे आम्हांस ठाऊक होती ती मिठामुळे. त्या खाऱ्या सरोवरांच्या तळाच्या गाळात हजारो वर्षांचे परागकण थरावर थर साचून आहेत, ही गोष्ट पुष्कळ उशिरा कानी आली; आणि ते ज्यांनी मोजले त्या गुरदीप सिंग यांचे नाव तर त्याहूनही उशिरा.

लखनौस बीरबल साहनी यांनी पुरावनस्पतिशास्त्राची संस्था स्थापिली. तिची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी बसली आणि पुरता आठवडाही लोटला नाही तोच, १० तारखेस, साहनी निवर्तले. सिंग हे या संस्थेचे संशोधक. काश्मीर खोऱ्यातील हिमयुगोत्तर वनस्पतींचा मागोवा घेऊन मग ते वाळवंटाकडे वळले.

परागकणाचे कवच मोठे चिवट असते. गाळ तीव्र आम्लात घातला तर वाळू विरघळून जाते, पराग मात्र शिल्लक राहतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेका थरातील शेकडो कण ओळखून मोजावयाचे. आपल्या दवण्याच्या कुळीतील झुडपे किती, गवत किती, पाणकणीस किती, या प्रमाणावरून त्या काळचे पाऊसपाणी ताडावयाचे. येथवरचे काम आम्हां कारकुनांस परके वाटू नये. नोंदी करण्यात आमचाही जन्म जातो. नोंदीवरून निष्कर्ष काढण्याचे धाडस मात्र आमच्याकडून कोणी अपेक्षीत नाही.

सिंग यांनी ते केले. १९७१ साली त्यांनी मांडले की, इसवी सनापूर्वी सुमारे ३००० ते १८०० या काळात त्या प्रदेशी पाऊस चांगला होता. सिंधू संस्कृती त्यावर भरभराटली आणि पाऊस ओसरला तशी तीही ओसरली. सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या थरात त्यांना कोळशाचे कण व तृणधान्यासारखे पराग आढळले. झुडपे जाळून तेव्हाच कोणी पेरणी करू लागले असावे, असेही त्यांनी सुचविले.

पुढे १९९९ साली येहूदा एन्झेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी लूणकरणसरचा काळ नव्याने ठरविला. सिंधू संस्कृतीच्या ऱ्हासापूर्वी हजाराहून अधिक वर्षे ते सरोवर आटले होते, असे निघाले! म्हणजे ती नगरे नांदत होती ती तळे कोरडे असताना. सिद्धांत डळमळला, मोजलेले पराग मात्र कोणी खोटे ठरविले नाहीत. आमच्या मते सिंग यांचे खरे देणे निराळे आहे. त्या संस्कृतीच्या ऱ्हासाचा जाब पावसाला विचारावा आणि पुरावा तळ्याच्या गाळात शोधावा, ही वाट आपल्याकडे त्यांनी रुळविली. त्यांना खोडणारेही त्याच वाटेने त्याच तळ्याकाठी आले.

सिंग पुढे ऑस्ट्रेलियात गेले. कॅनबेराजवळच्या लेक जॉर्जच्या गाळात त्यांना पुन्हा कोळसा भेटला आणि पुन्हा त्यांनी त्यात माणसाचा हात पाहिला, तोही सुमारे एक लाख वीस हजार वर्षांपूर्वीचा. बहुतेक पुरातत्त्वज्ञांनी ते मानले नाही. काहींनी तो काळ निम्म्यावर आणला. त्या सरोवराचे पाणीही अधूनमधून पार आटते, आणि मग तळावर मेंढ्या चरतात.