स्वतःची वार्षिक सभा

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याला आर्थिक वर्ष सरल्यावर ६ महिन्यांच्या आत सभासदांपुढे अहवाल ठेवावा लागतो. कायद्याचे तसे बंधनच आहे. उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या आमच्या एका परिचित कारागिरांना मात्र जाब विचारणारे कोणी नाही. गाळप आटोपले की ते स्वतःच वही उघडतात. गेल्या वर्षी त्यांनी ३ संकल्प लिहिले होते : नवे वेल्डिंग यंत्र, निम्मी उधारी, रविवारची सुट्टी. यंत्र आले. 'उसाचे बिल आल्यावर देतो' म्हणणाऱ्यांची उधारी वाढली. हंगामात एकही रविवार घरी गेला नाही, आणि आमच्या मते खरी तूट तीच. "यंदा सुट्टी पहिल्या ओळीवर लिहा," आम्ही सुचविले.

"फादर, ट्रॉली रविवारीच मोडतीया बघा."

यंदा पहिल्या ओळीवर सोमवार आहे.