चाचीचा सिनेमा

सिनेमाच्या पहिल्या खेळाला जायचं म्हणजे काय नेसायचं, यावर आम्हा चौघींत दोन दिवस चर्चा झाली. चौघी एकाच वर्षी डी.एड. झालेल्या. आता कोणी शाळेत, कोणी घरी. त्यातल्या तिघी मुसलमान आणि एक जैन. चौघींत सर्वांत कमी काळजी होती ती जिचा सिनेमा होता तिला, म्हणजे चाचीला. चाची आमच्यापैकी एकीच्या सासूबाई. वय सत्तरच्या पुढे. त्यांनी इस्त्रीची पांढरी साडी काढून ठेवली होती आणि विषय संपवला होता.

सिनेमा कसला, अठरा मिनिटांची फिल्म. गल्लीतल्या एका पोराने केलेली. पोरगा लग्नांचं शूटिंग करतो. दोन मोसमांत साठवलेले पैसे, मित्राचा कॅमेरा आणि चाचीच्या घरचा वरचा मजला, एवढं त्याचं भांडवल. फिल्मचं नाव इथे देत नाही. तो अजून ती ठिकठिकाणच्या महोत्सवांना पाठवतो आहे आणि आमच्या लिहिण्याने त्यात काही खोडा नको.

गोष्ट साधी आहे. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी कुठवर आलं, हे कोल्हापुरात कोणाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या वेळी पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. फिल्ममधली म्हातारी पाणी ओसरल्यावर घरी येते. भांडी, वाकळा, गाद्या सगळं बाजूला टाकते आणि आधी पत्र्याची पेटी उघडते. त्यात कागद. शाळेचा दाखला, निकाहनामा, जुनं रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या. ती एकेक कागद सोडवते आणि गच्चीवरच्या दोरीला चिमटे लावून वाळत घालते. पुण्याला गाडी चालवणारा नातू फोन करतो. दादी, जेवलीस का, म्हणतो. ती कागदांबद्दल बोलत राहते. एवढंच. कागद एवढे का जपायचे, हे फिल्ममध्ये कोणी सांगत नाही. त्या वर्षी आमच्यापैकी कोणाच्याच घरात ते सांगावं लागत नव्हतं.

खेळ शाहू स्मारक भवनात होता, सात वाजता. थंडीचे दिवस असल्याने मगरिबची नमाज घरीच अदा करून निघता आलं. आमच्या जैन मैत्रिणीने दिवस मावळायच्या आत आपलं जेवण उरकलं होतं आणि आमच्यासाठी भडंगाचा डबा आणला होता. रिक्षा दसरा चौकात थांबली तेव्हा चाची उतरल्या त्या आधी मुस्लिम बोर्डिंगकडे बघत उभ्या राहिल्या. चाचा तिथे राहून शिकले. 1906 साली शाहू महाराजांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, स्वतः तिचं अध्यक्षपद घेतलं, आणि कोल्हापूरच्या मुसलमान मुलांना शहरात राहून शिकायला छप्पर मिळालं. खेड्यातून आलेला तो पोरगा तिथे राहिला नसता तर दाखलाच नसता, असं चाची नेहमी म्हणतात. ईदच्या नमाजला घरचे पुरुष आजही याच मैदानावर येतात.

सभागृह निम्म्याहून जास्त भरलं होतं. पोराच्या मित्रांनी दारात गुलाबाची फुलं दिली. सुरुवातीला एका गृहस्थांनी कोल्हापूर आणि सिनेमा यावर भाषण केलं. बाबूराव पेंटरांनी स्वतः तयार केलेला कॅमेरा, 1920 चा 'सैरंध्री', 1925 चा 'सावकारी पाश', 1929 साली इथेच सुरू झालेली प्रभात. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत, तरी त्यांनी सांगितलेली एक गोष्ट त्या दिवशी वेगळी लागली. पुरुषांनीच साड्या नेसून बायकांची कामं करायची, अशा काळात बाबूरावांच्या 'सैरंध्री'त बायकांची कामं बायकांनीच केली होती. आम्ही चाचीकडे पाहिलं. त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत होत्या. पडदा अजून कोराच होता.

मग अंधार झाला. पेटी, चिखल, दोरी, चिमटे. सभागृह शांत होतं. फोन वाजला आणि चाची पडद्यावर पहिल्यांदा बोलल्या, "कागदां सुखाने डाली मैं. अक्षरां उड गये रे."

आणि लोक हसले.

एकदोघे नव्हेत, चांगलं मोठ्याने हसले. विनोद झाल्यासारखे. आम्हा तिघींच्या पोटात गोळा आला. घरी आम्ही हेच बोलतो. बाहेर मराठी, शाळेत मराठी, ताईंशी, बाईंशी, भाजीवाल्याशी मराठी, आणि उंबऱ्याच्या आत ही दखनी. पण पडद्यावर ही बोली आली की खाटीक, रिक्षावाला किंवा कसला तरी 'भाय' तोंड उघडणार आणि आपण हसायचं, अशी सवय लोकांना लागून गेली आहे. नाही म्हणायला 2008 च्या 'टिंग्या'त रशिदा होती. तिच्या आजारी नानीवर उपचार होतात, मग माझ्या बैलावर का नाहीत, असं टिंग्या विचारतो. त्या घराकडे बघून कोणाला हसू आलं नव्हतं. पण तशी घरं पडद्यावर किती आली?

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. आमची जैन मैत्रीणही हसली होती. पंचवीस वर्षांची मैत्री. आमच्या घरी ही बोली तिने हजारदा ऐकलेली, स्वतः तोडकीमोडकी बोलतेसुद्धा. तिचं हसू अर्ध्यात थांबलं, पण आम्ही ते ऐकलं होतं आणि आम्ही ऐकलं हे तिला कळलं होतं.

पुढच्या वाक्यांना हसणारे कमी झाले. एक कागद वाऱ्याने उडून गटारीत पडतो आणि म्हातारी वाकून तो उचलते, तिथे सभागृहात कोणी खोकलंही नाही. मागच्या रांगेतल्या एका कोपऱ्यात मात्र शेवटपर्यंत खुसखुस चालू होती.

नंतर प्रश्नोत्तरं झाली. कोणी कॅमेऱ्याबद्दल विचारलं, कोणी खर्चाबद्दल. एका बाईंनी आमच्याशी बोलताना, "तुम्ही किती शुद्ध मराठी बोलता हो," असं कौतुक केलं. हे कौतुक आम्हाला पाठ आहे. त्याला काय उत्तर द्यायचं ते अजून पाठ झालेलं नाही. आम्ही आभार मानले.

चहाच्या टेबलापाशी चाचीने विचारलं, "लोग हंसे क्यूं गे?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सुनेने सांगितलं, "अम्मी, तुमचं काम आवडलं लोकांना."

चाचीने बशीत चहा ओतला. "हंसने की जगा नइं थी वो," त्या म्हणाल्या. "पोरगा मला म्हणाला होता, रडू नका, नुसतं बोला. मी नुसतं बोलले."

तेव्हा जैन मैत्रीण म्हणाली, "चाची, मी पण हसले. का हसले ते मला खरंच कळलं नाही." तिने हातातला कप तसाच धरला होता. ती रात्री काही घेत नाही, कोणीतरी न विचारता तिच्या हातात दिलेला. चाचीने तो कप तिच्याकडून घेतला, स्वतःच्या बशीत रिकामा केला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरायला सुरुवात केली. गुडघे दुखतात, जिना उतरताना त्यांना आधार लागतोच.

पोरगा धावत मागे आला. त्याच्या हातात प्लास्टिकची फाईल होती. फिल्ममध्ये वाळत घातलेले कागद खोटे नव्हते. चाचीचेच, 2019 ला खरोखर भिजलेले. एकही हरवायचा नाही या अटीवर त्यांनी ते दिले होते.

रिक्षात बसल्यावर चाचीने फाईल उघडली. रस्त्यावरचा दिवा आला की एक कागद, पुढचा दिवा आला की दुसरा. चाचांचा दाखला सगळ्यांत खाली होता. शाई पसरून नाव निम्मं गेलेलं, खालची सही शाबूत. "सात," चाची म्हणाल्या, आणि फाईल पदराखाली घेतली.