राजोडीचं स्टेशन

राजोडीला रेल्वे नाही. नालासोपाऱ्याला उतरायचं, पश्चिमेला बस नाहीतर रिक्षा धरायची आणि केळीच्या वाड्या मागे टाकत सुरूच्या बनापर्यंत यायचं. 1867च्या एप्रिलात विरारहून बॅकबेकडे पहिली लोकल निघाली, तेव्हापासून गाडी या किनाऱ्यापासून दुरूनच जाते. म्हणून तर प्लायवूडच्या फळीवर राजोडीचं स्टेशन उभारायची चैन मला करता येते. ना जमीन संपादन, ना मोर्चा.

छोट्या गाड्यांचं सर्वांत चालणारं प्रमाण 1:87, म्हणजे 'एचओ'. या मापाने विरार ते चर्चगेट हे 60 किलोमीटर सुमारे 690 मीटरमध्ये बसतात. तेवढी माडी कुणाकडे असणार? एक फलाट, एक वळण आणि समुद्राची एक पट्टी, एवढ्यावर मी भागवलं आहे. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. 87ने भागला तर 19 मिलिमीटरच्या थोडा वर जातो. बाजारातला रूळ मात्र 16.5चा, परदेशी गेजला जुळणारा. त्यामुळे आपली लोकल त्यावर जरा पाय जुळवून उभी राहिल्यासारखी दिसते. काटेकोर मंडळी यावर हळहळतात. मी नाही. नजरेला मापाने पटत नाही, रंगाने पटतं.

आणि रंग म्हणजे मुख्यतः मळ. नवी खडी काळ्या पाषाणाची, करडी; पण ब्रेकची लोखंडी धूळ बसून ती तपकिरी होते. रुळाच्या बाजू गंजाच्या, माथा तेवढा चाकांनी घासून चकचकीत. छोट्या रुळांच्या बाजूंना पोस्टर कलरमधला तपकिरी, त्यात चिमूटभर काळा. माथ्यावर लागलेला रंग सुकायच्या आत पुसायचा, नाहीतर 12 व्होल्टची वीज चाकांपर्यंत पोचत नाही आणि गाडी फलाटातच ठिय्या देते. खडी पसरून झाली की पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरने सोडायचा. साबणामुळे पाणी वर गोळा न होता खाली झिरपतं. शेवटी पुलाला, छपराला, डब्यांच्या कडांना काळपट पाण्याचा हात. पांढऱ्याजांभळ्या लोकललासुद्धा हा हात द्यायला जीव धजावत नाही खरा, पण दिल्याशिवाय ती दुकानातलीच राहते.

राजोडीची वाळू दारात आहे म्हणून तशीच उचलू नये. तिच्यातलं मीठ रुळांना खातं, काळे लोहकण इंजिनाच्या मोटरीला चिकटतात. धुवायची, वाळवायची, वरून चुंबक फिरवायचं, मग चाळायची.

झाडांचं दुखणं वेगळं. फालर, नोख हे जर्मन कारखाने सुंदर झाडं, घरं, गवत विकतात; पण त्यांतली पुष्कळ झाडं बर्फाळ डोंगराची. ती इथे लावली की राजोडी स्वित्झर्लंडला जाऊन बसते. सुरू काथ्याचा करावा: पिंजून, तारेला गुंडाळून, राखाडी हिरव्यात बुडवून. तयार डबीतला हिरवा तर कधीच वापरू नये. आपल्याकडे तो रंग फक्त श्रावणात असतो. समुद्रही निळा रंगवला की गेला. वैतरणा आणि वसईच्या खाडीच्या गाळाने इथलं पाणी मातकट करडं असतं, उन्हात फार तर शिशाच्या रंगाचं.

हे वेड परकं आहे असं म्हणणाऱ्यांनी कोथरूडला जावं. भाऊ जोशींनी हयातभर जमवलेल्या छोट्या गाड्यांचं संग्रहालय तिथे 1998पासून उघडं आहे. आणि देखावा उभारणं तर आपल्याला शिकवावं लागत नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मोहरी पेरणारी पोरं आणि डिसेंबरात वसईच्या गावागावांत नाताळचे गोठे सजवणारी मंडळी, दोघांनाही पोत्याचा डोंगर आणि आरशाचं तळं ठाऊक आहे. त्यांना कुणी रूळ आणून दिले, तर माझ्यापेक्षा बरं स्टेशन करतील.

तेव्हा ज्यांना हा छंद लागायचा असेल त्यांनी रंगांच्या डब्या नंतर घ्याव्यात. आधी नालासोपाऱ्याच्या फलाटावर, गर्दी नसेल अशा दुपारी, दोन गाड्या सोडून द्याव्यात आणि खाली खडीकडे पाहावं.