पॉइंटांवर माथेरान

आमच्या पनवेलच्या पूर्वेला प्रबळगड आणि त्याच्यामागे माथेरान. मे महिन्यात माझ्या भावाला तिथल्या एका बड्या हॉटेलात एक रात्र फुकट मिळाली. नोकरीपायी तो सदा फिरतीवर. सारखं एकाच कंपनीच्या हॉटेलांत उतरलं, की सदस्याच्या नावावर ‘पॉइंट’ साठतात आणि पुरेसे साठले की खोली मोफत! भाचीही बरोबर निघाली.

नेरळहून १९०७ सालापासूनची छोटी गाडी आहे. पण आम्ही एस.टी.नं धोदाणीला उतरलो नि सनसेट पॉइंटची पायवाट धरली. अडीच तास चढण! मी दर वळणावर बसत होते. डोक्यावर करवंदांची पाटी घेतलेल्या एक मावशी मात्र आमच्याशी बोलत बोलत चढत होत्या.

हॉटेलात भावाचं नाव घेऊन स्वागत झालं, गार सरबत आलं. माथेरानात खासगी मोटारींना बंदी. त्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढं सामान घोड्यावर, हातगाडीवर, नाहीतर माणसाच्या डोक्यावर. सरबतातला बर्फही तसाच आला असेल का?

दुपारी बाजारात मावशी दिसल्या. पाटी अजून अर्धी भरलेली.

“तुम्ही किती वेळा चढलात हा डोंगर?” भाचीनं विचारलं.

“कोन मोजतंय, बाय?”

आम्ही चार द्रोण घेतले. “सकाळी संगती चाललात ना,” म्हणत त्यांनी वर दोन मुठी घातल्या. पैसे भाचीनं दिले. मावशींना अंधाराआधी खाली पोचायचं होतं.