फारखत

कांहीं शब्द वर्गांत सोपे वाटतात आणि घरीं आल्यावर अवघड होतात. ‘क्वायिटस्’ हा त्यांपैकींच एक. ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकांतील प्रसिद्ध स्वगतांत तो येतो. भिवंडीस अध्यापन करूं लागल्यापासून गेलीं पंचवीस वर्षें मी त्याचा ‘अंत, मृत्यु’ एवढा अर्थ सांगून पुढें जात आलों. परवां एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, मग सरळ ‘डेथ’च कां नाहीं लिहिलें?” तेव्हां कोश उघडणें प्राप्त झालें.

शब्दाचें कुळ पाहूं जातां तें स्मशानांतलें नसून कचेरींतलें निघालें. मध्ययुगीन इंग्लंडच्या राजखजिन्यांत हिशेब चुकता करणाऱ्यास ‘क्वायिटस् एस्ट’, म्हणजे ‘तो मोकळा झाला’, असा लॅटिन शेरा मिळे. आयुष्याचें देणें फेडून मिळालेली सुटका या रूपकानें मृत्यूचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. शेक्सपिअरला मात्र मूळ अर्थाचें विस्मरण झालें नव्हतें. १६०९ सालीं छापलेल्या त्याच्या सुनीतांपैकीं १२६ व्या सुनीतांत त्यानें हा शब्द हिशेबतपासणीच्या शब्दाशेजारीं नेऊन बसविला आहे.

हें वाचीत असतां मला एका सूतव्यापाऱ्याची पेढी आठवली. कारण या शब्दाचा सख्खा भाऊ आपल्याकडे आहे. अरबी ‘फारिग’ म्हणजे मोकळा आणि ‘खत’ म्हणजे पत्र. देणें फिटल्याचें लेखी पत्र तें फारखत. लोकांच्या तोंडीं तिची ‘फारकत’ झाली आणि अर्थ झाला काडीमोड! इंग्रजी शब्द पेढीवरून स्मशानांत गेला, आपला माजघरांत शिरला.

माझ्या वडिलांचे चार यंत्रमाग होते. १९८२ सालीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हां आपले दिवस आले असें समजून त्यांनीं आणखी दोन घेतले आणि सूत उधार आणलें. हिशेब फसला. पुढें नऊ वर्षें ते कर्ज फेडीत होते. आई रात्रीं जागून कांड्या भरी. शेवटचा हप्ता देऊन ते तिन्हीसांजेला घरीं आले आणि उंबऱ्यांतूनच म्हणाले, “फारकत झाली!” आईच्या हातांतली कांडी गळून पडली.

मग ती जी रागावली! आमच्या घरांत शेवटाचें नांव काढण्याची चालच नव्हती. फुटलेली बांगडी ‘वाढे’, दुकान ‘वाढवीत’, जाणारा ‘येतों’ म्हणे. वडील म्हणाले, “मग काय, कर्ज वाढलें म्हणूं?” यावर तिला हंसूं आलें.

परंतु पत्र कांहीं मिळालें नाहीं. दर पाडव्यास वडील पेढीवर जात. “देतों हो, घाई काय आहे?” असें उत्तर घेऊन परत येत. पैसे पोंचल्याचें कोणी नाकारीत नव्हतें. पण कागद हातीं नाहीं, या एका गोष्टीनें त्यांना अखेरपर्यंत ओशाळल्यासारखें होई.

ते गेल्यावर तेराव्या दिवशीं पेढीचा मुनीम एक लिफाफा देऊन गेला. तारीख त्याच आठवड्याची होती. आईला वाचतां येत नव्हतें. “काय लिहिलें आहे?” तिनें विचारलें. मथळ्याचा शब्द गाळून मीं वाचून दाखविलें कीं यांच्याकडे आमचें कांहीं येणें उरलेलें नाहीं.

“वरचा शब्द राहिला,” ती म्हणाली. “तोही वाच.”